जनरेटर हंटिंग करतोय? गव्हर्नरच्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या शीतगृहावर ८२.५ केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे. इनलाइन इंजेक्शन पंप (सिलिंडरना डिझेल देणारे प्लंजर एका ओळीत असलेला), यांत्रिक गव्हर्नर (वेग बघून डिझेल कमीजास्त करणारा भाग). रिकामा चालताना फ्रिक्वेन्सी ५० ते ५३ हर्ट्झच्या दरम्यान सारखी वरखाली होते, यालाच हंटिंग म्हणतात. दोन कॉम्प्रेसरपैकी २० एचपीचा एक घेतला की ती ४६ पर्यंत पडते, दिवे मंदावतात. टाकी अर्ध्याखाली गेली की त्रास वाढतो. मेकॅनिकने गव्हर्नरच्या मागचा एक स्क्रू आत घेतला, तेव्हापासून हंटिंग जरा कमी झालं पण इंजिन आधीपेक्षा जास्त पळतंय. आता कोणता स्क्रू किती फिरवायचा, असं तुम्ही विचारताय.

पहिली गोष्ट: तो मागचा स्क्रू जिथे होता तिथे परत आणा. वर्णनावरून तो बंपर स्प्रिंगचा स्क्रू वाटतो. ही छोटी स्प्रिंग रॅकला (पंपातली डिझेलचं माप ठरवणारी दांडी) शेवटच्या टप्प्यात हलकासा आधार देते, म्हणून रिकाम्या इंजिनाचं डोलणं तिने कमी होतं. पण ती जास्त आत गेली की गव्हर्नरला डिझेल पुरतं कमी करता येत नाही. लोड अचानक सुटला, समजा दोन्ही कॉम्प्रेसर एकदम ट्रिप झाले, तर इंजिन सुसाट सुटू शकतं. तुमच्याकडे हंटिंग कमी होऊन वेग वाढला, हे त्याचंच लक्षण आहे. मूळ जागा कुणालाच आठवत नसेल तर हंटिंग पुन्हा पूर्वीइतकं दिसेपर्यंत थोडा थोडा बाहेर घ्या. दिसू द्या. ते दिसतंय तोवरच त्याचं कारण शोधता येईल.

दुसरी गोष्ट: तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत. रिकाम्या इंजिनाचं डोलणं हा एक आणि लोड घेताना फ्रिक्वेन्सी पडणं हा दुसरा. कारणं काही अंशी एक असतील, पण तपास वेगवेगळा करायचा.

तुमच्या पंपावर किंवा पॅनलवर नेमकं काय बसवलंय हे मला दिसत नाही, त्यामुळे आकडे तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलेच धरा. तपासाचा क्रम मात्र बहुतेक यांत्रिक गव्हर्नरना लागू पडतो.

गव्हर्नर काय करतो ते आधी बघू. आत फिरती वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, स्प्रिंगला दाबतात आणि रॅक ओढून डिझेल कमी करतात. वेग पडला की स्प्रिंग जिंकते आणि डिझेल वाढतं. म्हणजे गव्हर्नर कायम चुकीच्या मागोमाग जातो, आधी वेग बदलतो, मग तो हलतो. या साखळीत कुठेही उशीर शिरला, रॅक अडखळला, जोड ढिले झाले किंवा सांगितलेलं डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचलंच नाही, तर तो दर वेळी गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो आणि वेग झोक्यासारखा वरखाली होतो. हे वाफेच्या इंजिनांपासूनचं दुखणं आहे. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये त्याचं गणित मांडलं होतं. माझ्या अनुभवात डोलणाऱ्या सेटचा गव्हर्नर बहुतेक वेळा ठीक असतो, त्याला मिळणारं डिझेल ठीक नसतं.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य टाकीबद्दलचं आहे. पातळी खाली गेली की फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) डिझेल जास्त खालून खेचावं लागतं, लाइनमधली ओढ वाढते आणि जिथे जोड सैल आहे तिथून हवा आत शिरते. इथे फसगत होते ती अशी की टाकी ते फीड पंप हा भाग ओढीखाली असतो, त्यामुळे गळतीच्या जागी डिझेल ठिपकत नाही. बाहेरून सगळं कोरडं आणि स्वच्छ दिसतं. ‘कुठेच लीक नाही साहेब’ असं ऑपरेटर सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो.

यावर माझी पद्धत सरळ आहे. एक स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा आणि तो इंजेक्शन पंपापेक्षा उंच, भक्कम जागी, एक्झॉस्टपासून लांब ठेवा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाच्या तोंडाशी सोडा आणि तिथे डिझेलला चालेल असा पारदर्शक होज लावून कॅनला जोडा. रिटर्न लाइनही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर तिकडून कारण लपून राहील. लाइनमधली एअर काढा, इंजिन चालू करा आणि गरम होईपर्यंत थांबा. हंटिंग गेलं तर गव्हर्नर निर्दोष. दोष टाकी, तिच्या आतला सक्शन पाइप, मधले जोड किंवा टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र यांपैकी कशात तरी आहे. ते छिद्र धुळीने बुजलं की टाकीत ओढ तयार होते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला की समजायचं. हंटिंग तसंच राहिलं आणि होजमध्ये बुडबुडेही नाहीत, तर पुढे फीड पंपाकडे वळायचं.

बॅन्जो बोल्टची (पाइप जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशर इथे नीट बघा. प्रत्येक वेळी पाइप सोडला की जुनंच वॉशर परत बसवतात. ते एकदा दाबलं गेलं की कडक होतं, त्यावर वर्तुळाकार चर उमटतो. नखाने चाचपलं तरी चर लागतो. असं वॉशर कितीही आवळा, हवा घेतंच. नवीन वॉशरला किंमत नाही म्हणावी इतकी कमी आहे, त्यामुळे लाइन उघडली की सगळीच बदला.

पुढे फिल्टर. फिल्टर तुंबलेला असला की रिकामं इंजिन एकवेळ बरं चालतं, लोडवर मात्र गुदमरतं. शेवटचे कधी बदलले याची नोंद नसेल तर बदलून टाका. वॉटर सेपरेटरचं पाणी काढा. फीड पंपाच्या गाळणीत कचरा असतो, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

मग इंजेक्शन पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह. रिटर्नच्या जोडात बसलेला हा बोल्टसारखा दिसणारा तुकडा पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या पोकळीत) दाब टिकवून धरतो. त्याची स्प्रिंग थकली की दाब टिकत नाही, प्लंजरला दर फेरीला सारखं डिझेल मिळत नाही आणि इंजिन डोलतं. कधी कधी तो हरवतो आणि त्याच्या जागी साधा बॅन्जो बोल्ट लावलेला सापडतो. आटे तेच असल्यामुळे तो बसतोही बेमालूम. काढून बघा, आत स्प्रिंग आणि गोळी किंवा व्हॉल्व्ह आहे की आरपार भोक आहे.

डिझेलची बाजू निस्तरल्यावर एकेक सिलिंडर बघा. इंजेक्टरच्या पाइपचा नट क्षणभर ढिला करायचा. इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला आहे. एक सिलिंडर अधूनमधून चुकला तरी गव्हर्नर त्याला प्रतिसाद देत राहतो आणि ते थेट हंटिंगसारखं दिसतं. हे करताना चष्मा घाला आणि फवाऱ्यासमोर हात आणू नका. दाबातलं डिझेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते. कॉमन रेल इंजिनावर (जिथे सगळे इंजेक्टर एकाच दाबाच्या नळीवर असतात) तर हा प्रयोग कधीही करायचा नाही. तिथला दाब हजार बारच्या वर जातो.

आता रॅक. इंजिन बंद करा आणि स्टॉप लिव्हर हाताने पूर्ण ओढून सोडा. तो अडथळा न येता चटकन परत यायला हवा. मध्ये रेंगाळला, खरखरला तर रॅक अडकतोय. पंपात वार्निश (जुन्या डिझेलचा चिकट थर) साचलं असेल, पाण्याने गंज धरला असेल किंवा कुणीतरी पंपाच्या माथ्यावरचे डिलिव्हरी व्हॉल्व्हचे होल्डर वाजवीपेक्षा जास्त आवळले असतील. जास्त आवळल्याने आतलं बॅरल (प्लंजरचं नळकांडं) किंचित दबतं आणि प्लंजर जड फिरतो. असा रॅक असेल तर बाहेरून कितीही सेटिंग करा, उपयोग नाही. गव्हर्नरमधल्या वजनांच्या पिना, स्लीव्ह, लिंकेजचे जोड झिजले असतील तरी तेच. हे काम टेस्ट बेंचचं आहे. गव्हर्नरला स्वतंत्र ऑइल लागत असेल तर तेवढी पातळी बघा. ऑइल डिझेल मिसळून पातळ झालंय का, तेही.

आणखी एक खात्री करून घ्या. डोलणारं खरंच इंजिन आहे ना? फ्रिक्वेन्सी स्थिर आणि फक्त व्होल्टेज वरखाली होत असेल तर दोष एव्हीआरकडे (व्होल्टेज स्थिर ठेवणारं यंत्र) जातो आणि गव्हर्नरचा संबंधच उरत नाही. तुमच्याकडे फ्रिक्वेन्सी हलतेय, म्हणजे इंजिन हलतंय. तरी शंका असेल तर बाहेरचा लोड पूर्ण काढून, इलेक्ट्रिशियनकडून एव्हीआरचं एक्सायटेशन (अल्टरनेटरला चुंबकत्व देणारा करंट) बंद करून इंजिन चालवून बघा. वेग हँड टॅकोमीटरने मोजा, कारण पॅनलवरचा मीटर तेव्हा उपयोगाचा नाही. तरीही डोललं तर प्रश्न शंभर टक्के इंजिनाचा.

आता दुसरा आजार, लोड घेताना ४६. इथे आधी एक गैरसमज काढतो, कारण त्यापायी चांगले सेट बिघडवले जातात. चार पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झसाठी १५०० आरपीएम लागतात, म्हणजे एक हर्ट्झ म्हणजे ३० आरपीएम. यांत्रिक गव्हर्नर लोड वाढला की वेग थोडा खाली येऊ देतो, तसाच तो बनवलेला असतो. त्याला ड्रूप म्हणतात. रिकामा ५२ आणि पूर्ण लोडवर ५० असेल तर ड्रूप ४ टक्के, आणि यांत्रिक गव्हर्नरला ते अगदी रास्त आहे. ऑपरेटर रिकाम्या सेटवर ५२ बघतो, ‘जास्त आहे’ म्हणून ५० करतो आणि मग लोडवर ४८ आले की गव्हर्नर खराब म्हणतो. त्यामुळे सेटिंग नेहमी लोडवर ५० यावेत असं बघायचं, रिकाम्यावर नाही.

तुमचं ४६ मात्र ड्रूपच्या पलीकडचं आहे. ते क्षणभर येऊन सावरतं की तिथेच राहतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि उत्तर त्यावरच ठरतं. तिथेच राहत असेल तर इंजिनाला पुरेसं डिझेल किंवा हवा मिळत नाही. एअर फिल्टर बघा, धूर बघा. काळा धूर असेल तर हवा कमी किंवा नोजल खराब, धूरच नसेल आणि ताकद नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. क्षणभर पडून सावरत असेल तर स्टार्टिंगकडे बघा. २० एचपीची मोटर चालू असताना साधारण २८ अँपियर घेते, पण डीओएलवर (पूर्ण व्होल्टेजवर थेट) सुरू करताना सहा पट म्हणजे १६०-१७० अँपियर ओढते. तुमच्या सेटचा पूर्ण लोडचा करंटच सुमारे ११५ अँपियर आहे. स्टार-डेल्टाने (आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करून मग डेल्टात नेणारा स्टार्टर) हा झटका साधारण एक तृतीयांशावर येतो. स्टार-डेल्टा आहे असं तुम्ही म्हणाल, पण टायमर अगदी कमी वेळेवर ठेवलेला असला की मोटर वेग धरण्याआधीच डेल्टात जाते आणि दुसरा झटका डीओएलच्या जवळपासचा बसतो. क्लॅम्प मीटर लावून बदलाच्या क्षणी बघा. कॉम्प्रेसर अनलोड स्थितीत सुरू होतोय का, दोन्ही कॉम्प्रेसर एकदम तर उठत नाहीत ना, हेही तपासा. वीज गेल्यावर एएमएफने (सेट आपोआप सुरू करणारं पॅनल) सेट घेतला आणि दोन्ही मोटरी, कंडेन्सरचे पंखे आणि पंप एकाच क्षणी लागले, तर कोणताही गव्हर्नर मान टाकेल. मध्ये १५-२० सेकंदांचं अंतर ठेवा. ते टायमरचं काम आहे, पंपाचं नाही.

फ्रिक्वेन्सी साधारण ४७-४८ च्या खाली गेली की बहुतेक एव्हीआर इंजिनाला सावरायला वेळ मिळावा म्हणून मुद्दामच व्होल्टेज उतरवतात. तुमचे दिवे मंदावतात ते बहुधा यामुळे. म्हणून व्होल्टेज वाढवायला इंजिनाचा वेग वाढवू नका आणि एव्हीआरचा स्क्रूही फिरवू नका.

एवढं सगळं करूनही हंटिंग उरलं, तरच सेटिंग. आणि त्याआधी इंजिन बंद कसं होणार याची खात्री. स्टॉप लिव्हर आणि सोलेनॉइड दोन्ही चालवून बघा. इंजिन सुसाट सुटलंच तर हवेची वाट बंद करायला इनटेकच्या तोंडावर बसेल असा जाड सपाट पत्रा किंवा लाकडी फळी हाताशी ठेवा. हात किंवा कापड कधीही लावायचं नाही, इंजिन ते ओढून घेतं. फ्लायव्हीलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. सगळा लोड काढून ठेवा, कॉम्प्रेसरचे ब्रेकर बंद.

इंजिन गरम असतानाच सेटिंग करायचं. प्रत्येक स्क्रूचा आणि लॉक नटचा फोटो काढा, पेंटने खूण करा. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेऱ्याच्या वर नाही. लॉक नट आवळल्यावरच वाचन घ्या, कारण आवळताना सेटिंग थोडं सरकतं.

आधी स्पीड लिव्हरच्या स्टॉपर बोल्टने रिकामा वेग लावा. मग लोड देऊन किती पडतो ते बघा. ड्रूप जास्त किंवा फारच कमी असेल तर गव्हर्नरच्या आतल्या हेलकाव्या (स्विव्हलिंग) लिव्हरवरचा स्क्रू लागतो, जो मुख्य स्प्रिंगचा ताण बदलतो. बॉशच्या ज्या पंपाला जुने मेकॅनिक आजही मायको पंप म्हणतात, त्यावरच्या आरएसव्ही प्रकारच्या गव्हर्नरमध्ये तो असतो. ड्रूप अगदी कमी केला की फ्रिक्वेन्सी दिसायला छान स्थिर दिसते, पण गव्हर्नर जास्त संवेदनशील होतो आणि हंटिंग वाढतं. त्यामुळे तो एक-दोन टक्क्यांवर आणायच्या मागे लागू नका. हा स्क्रू हलवला की रिकामा वेग पुन्हा लावावा लागतो, कारण दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत. बंपर स्प्रिंग सगळ्यात शेवटी, आणि डोलणं जेमतेम थांबेल इतकीच. थांबल्यावर रिकामा वेग वाढला का ते लगेच बघा. वाढला असेल तर ती जास्त आत गेली आहे. त्यानंतर थोडा लोड देऊन अचानक काढा. वेग उसळून दोन-तीन झोक्यांत स्थिर झाला तर ठीक.

लाखेचं किंवा तारेचं सील असलेला फुल लोडचा डिझेल स्टॉप फोडायचा नाही. तिथे डिझेल वाढवलं की काही दिवस ताकद वाढल्यासारखी वाटते, मग धूर, तापलेलं एक्झॉस्ट आणि पिस्टनला धोका. तिथली मर्यादा बेंचवर मोजून लावलेली असते.

सेट इलेक्ट्रॉनिक गव्हर्नरचा असता तर क्रम थोडा वेगळा. डिझेलचा तपास तोच, पण त्याबरोबर बॅटरीचं व्होल्टेज, ॲक्चुएटरचं (रॅक हलवणारा विजेचा भाग) लिंकेज आणि फ्लायव्हीलच्या दात्यांसमोरचा वेग मोजणारा मॅग्नेटिक पिकअप. पिकअपच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो किंवा त्याचं दात्यापासूनचं अंतर वाढतं, सिग्नल कमजोर होतो आणि कंट्रोलर आंधळा चालतो. स्टार्टरने फिरवताना त्यावर किमान एक-दीड व्होल्ट एसी दिसायला हवं. वायरची जाळी एकाच टोकाला अर्थ केलेली हवी. हे सगळं ठीक असेल तरच गेन (प्रतिसादाचा जोर) आणि स्टॅबिलिटीच्या (स्थिरता) पॉटला, म्हणजे फिरवायच्या खुंटीला, हात लावायचा: गेन थरथर सुरू होईपर्यंत वाढवायचा, तिथून थोडा मागे, मग स्टॅबिलिटीचंही तसंच. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी ४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) निकषांची नवी इंजिनं असतील तर त्यातल्या ईसीयूवर (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) बाहेरून फिरवायचा स्क्रूच नसतो. तिथे एरर कोड वाचायचा आणि कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज टाकीकडून हवा शिरण्याचा आहे, आणि त्यावर बंपर स्प्रिंगने पांघरूण घातलं गेलंय. आज कॅनचा प्रयोग करा. कळवताना रिकामा, एक कॉम्प्रेसर आणि दोन कॉम्प्रेसर अशा तिन्ही स्थितींतली स्थिर फ्रिक्वेन्सी, कॉम्प्रेसर सुरू होतानाची सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी, सावरायला लागलेले सेकंद आणि धुराचा रंग एवढं लिहा. पंप उतरवायची वेळ आलीच तर बेंचवाल्याला ‘हंटिंग आहे’ एवढंच सांगू नका. पंपाच्या प्लेटवरचा नंबर द्या, त्या नंबरच्या टेस्ट चार्टप्रमाणे प्रत्येक एलिमेंटचं (एकेका सिलिंडरच्या प्लंजर-बॅरल जोडीचं) डिझेल किती निघालं आणि गव्हर्नर कोणत्या वेगाला कट करतो याची चिठ्ठी लेखी मागा. सील नवीन लावून घ्या. द्राक्षांचा हंगाम तोंडावर असेल तर पंप बेंचवर असेपर्यंत भाड्याचा सेट आणून ठेवा, भरलेल्या चेंबरवर असले प्रयोग करू नका.